डावललेला उजवा

वाटी फरशीवर पडली, घरंगळत कोपऱ्यातल्या कोठीपाशी गेली आणि तिथं गोल गोल फिरत, टिणटिणत हळूहळू निवली. भर दुपार होती. सायलीचा नवरा धर्मराज ट्रॅक्टर घेऊन धरणाकडच्या शिवारात गेलेला, सगळं पाली गाव पेंगुळलेलं, म्हणून एवढासा आवाजही घरभर झाला. वाटीतल्या भुईमुगाच्या शेंगा चहूकडं पांगल्या.

गिरजानं ती कोपरानं उडवली होती. तिचा डावा हात पिवळ्या मोज्यात होता. मोजा बिनबोटांचा, लहानशा पिशवीसारखा. आणि उजवा हात, रोजच्यासारखाच, अंगठा मुठीत घेऊन छातीशी दडून बसला होता.

"मला न्हाई बांधायचं," गिरजा म्हणाली. पाच वर्षांची पोर, पण आवाज पक्का.

"बांधलं नाही गं बाळा. मोजा घातलाय. ओढला की निघतो, बघ," सायली म्हणाली.

"बांधलंच हाय."

उंबऱ्याशी ज्वारी निवडत बसलेल्या केशरबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "म्या बांधलं तव्हा मी कैदाशीण. आता डाक्टरणीनं सांगितलं, की त्याचं औषध झालं."

सासूचं बोलणं ऐकत सायली पांगलेल्या शेंगा वेचू लागली.

गिरजा जन्मली तेव्हा उशिरा रडली होती. पुढं रांगायच्या आधीच ती खुळखुळा, चमचा, आईची वेणी, सगळं डाव्या हातानंच धरायला लागली, तेव्हा आयाबाया म्हणाल्या, डावखुरी होणार, हुशार निघणार. सायलीही हरखली होती. एवढ्या लवकर लेकराचा हात ठरत नसतो, आणि ठरला तर दुसऱ्या हाताकडं बघायचं असतं, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मग शेजारच्या भिवराबाईंच्या वास्तुशांतीची पंगत झाली. गिरजानं डाव्या हातानं पुरणपोळी तोंडात घातली आणि समोरच्या पंगतीतून कुणीतरी बोललं, "लेकराला वळण न्हाई का लावलं, केशरबाई?" केशरबाईंना तो टोला झोंबला. घरी आल्या, रात्रीच्या जेवणाला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी घेतली आणि नातीचा डावा हात मांडीशी बांधून टाकला. "आता जेव उजव्यानं." पोर भाकरीकडं नुसती बघत राहिली. तोडायला जायची नि मूठ आणखीच आवळायची. शेवटी रडून रडून उपाशीच झोपली. त्या दिवशी सायलीनं लग्नानंतर पहिल्यांदा सासूच्या तोंडाला तोंड दिलं. बरेच दिवस दोघींमधलं बोलणं धर्मराजच्या मार्फत चाललं होतं.

त्याच भांडणातून ती पोरीला घेऊन बीडच्या बालोपचार केंद्रात गेली. तिथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे अधू हातापायांना रोजची कामं शिकवणारी हुस्ना, सायलीसारखीच तरणी होती. ना सुई, ना बाटली. एक झोका, चेंडू, रंगीत माती आणि गप्पा.

"खेळायला बीडला जायचं व्हय?" केशरबाई म्हणाल्या होत्या. "पालीतले खेळ सरले का?"

हुस्नानं गिरजाला बराच वेळ नुसतं खेळू दिलं, मग सायलीला म्हणाली, "ताई, जन्माच्या वेळी मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालीय. उजवा हात तिकडून चालतो, म्हणून तो अधू आहे. पण जेवढा अधू आहे, त्याहून जास्त विसरलेला आहे. डावा सगळं पटकन करून टाकतो, मग मेंदू उजव्याला विचारतच नाही. डावलतो त्याला."

"उजव्याला डावललं?" सायलीला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

"हो ना," हुस्नाही हसली. "भाषेनं नाव डाव्याचं घातलं, आणि इथं पाहा कुणाच्या नशिबी आलं."

आणि मग तिनं तो पिवळा मोजा पुढं केला. चांगला हात थोडा वेळ झाकायचा, म्हणजे मेंदूला दुसऱ्याची आठवण होते. सायलीला ती चिंधी आठवली. तिनं मोजा घरी आणून साड्यांच्या घडीखाली ठेवला, आणि पुढच्या खेपेला तसाच परत नेला.

"नवाकोरा दिसतोय," हुस्ना म्हणाली.

तेव्हा सायलीनं चिंधीची सगळी हकिगत सांगितली. हुस्ना रागावली नाही. "जेवताना अजिबात नको. भुकेल्या लेकराला हात येत नाही, भीती येते. खेळातच घाला, नको म्हणाली की काढा. आणि हा हात डाव्यासारखा होईल असं मी सांगणार नाही. मदतीचा होईल. वाटी धरेल, पाटी दाबेल. तेवढंही पुष्कळ असतं."

पण पोरीच्या मनात मोजा आणि चिंधी एकच होती. आज ही पोर बिथरली, तर त्या हाताची वाट कायमची बंद होईल, हे सायलीला शेंगा वेचताना कळत होतं. तिनं पुढं होऊन मोजा काढला. "नको तर नको."

गिरजानं मोकळा हात दोनदा झटकला. खाली पडलेल्या मोज्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "आज्जीला घाल."

"अगं, आजीला तो बसत नाही."

"पप्पाचा घाल. पायातला. आज्जीनं बांधलतं मला."

आता केशरबाई सूप आपटून उठणार असं सायलीला वाटलं. केशरबाईंनी सूप खाली ठेवलं खरं, पण उजवा हात पुढं केला. "आन बाई. घाल. धुतलेला बघ तेवढा."

दोरीवरचा धर्मराजचा मोजा आजीच्या हातावर कोपरापर्यंत चढला. गिरजा समोर ठाण मांडून बसली. "आता शेंगा फोड."

केशरबाईंनी डाव्या हातानं शेंग धरली. ती निसटली. दुसरी दाबली, तर टणकन उडून सुपात गेली. "मेली कशी पळती बघ." तिसरी दाताखाली धरायला गेल्या, तसं गिरजा ओरडली, "दात न्हाई लावायचा. हातानंच."

"अगं पर येत न्हाई ना मला."

"मला बी येत नव्हतं."

केशरबाई थांबल्या. शेंग तळव्यात तशीच राहिली. मग सुनेकडं न बघता खालच्या आवाजात म्हणाल्या, "लई अवघड असतंय गं हे."

सायलीनं वाटी दोघींच्या मध्ये ठेवली. आजीची पुन्हा एक शेंग निसटली आणि गिरजा खदखदून हसली. हसता हसता तिनं डावा हात आपणहून पिवळ्या मोज्यात खुपसला. सायली जागची हलली नाही. छातीशी दडलेली उजवी मूठ सुटली, अडखळत फरशीवर आली आणि घरंगळलेल्या शेंगेला ढकलू लागली. एकदा चुकली, दोनदा चुकली. मग अंगठा किंचित बाहेर आला आणि शेंग सरकत सरकत आजीच्या गुडघ्याला लागली.

"घे, आज्जी. ही मोठी हाय."

सायलीनं झेप घेऊन तो हात उचलला आणि त्याचे मुके घेतले. "शाब्बास रे माझ्या राजा," ती त्या हाताला म्हणत राहिली. डोळ्यांतलं पाणी त्याच्या बोटांवर पडलं.

गिरजानं उजवा हात आईकडं राहू दिला. मोज्यातला डावा मांडीवर ठेवून ती त्याच्याकडं बघत होती. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाली,

"आई, त्यानं एवढीशी शेंग ढकलली तर तू रडतीस. अन् हा रोज मला जेवू घालतो, वेणीची रिबिन धरतो, सगळं करतो. ह्याला कधीच शाब्बास म्हणली न्हाईस. कावून?"