माशांचं पाणी

कडूबानं जाळीचं गाळणं टाकीत घालून आणखी एक मासा वर काढला. पोट वर, डोळे उघडे. हा नववा. उरलेले तीन काचेला तोंड लावून धापा टाकत होते आणि त्यांच्याकडे बघताना कडूबाचाच जीव खालीवर होत होता.

वाळूजच्या या कारखान्यात परदेशी गाड्यांच्या सुट्या भागांवर मुलामा चढायचा. त्यातून निघणारं पाणी आम्ही शुद्ध करूनच नाल्यात सोडतो, असं कारखाना सांगायचा आणि पुरावा म्हणून ही काचेची टाकी दाखवायचा. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं, हे कुणालाही पटतं. खरं तर त्या पाण्यात मासा तासभरही टिकत नसे. म्हणून कडूबा तीन वर्षं आपल्या शेतातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून मोटारसायकलवर आणत होता. त्या पाण्यावर मासे चांगले पोसले होते. याच कामापायी माळ्याच्या हाताखालचा कडूबा कायम कामगार झाला होता, आणि खोटेपणाची लाज त्याला फारशी वाटत नव्हती. काल संध्याकाळीच त्यानं टाकीचं पाणी बदललं होतं.

सुपरवायझर रामकिसन धावत आला.

"मेले? नेमके आज? दहाला पाणी तपासायला बाई येतीय. ती नाय म्हणली तर परदेशातली आर्डर गेली, अन् तीनशे माणसं घरी बसली."

"पाणी माझ्याच विहिरीचं हाय."

"मग त्या मासेवाल्या शफीकनं सडके मासे दिले असतील."

"मासे जुनेच हायेत. वर्ष झालं त्यांना."

रामकिसनला एवढं ऐकायला सवड कुठली!

"पाव्हण्यांसाठी आणलेले पाण्याचे जार ओत टाकीत. शफीककडून नवे मासे मागवलेत."

कडूबानं कॅनचं झाकण काढून वास घेतला. कसलाच वास नव्हता. पाणी नेहमीसारखं नितळ होतं. सकाळी याच विहिरीचं तांब्याभर पाणी पिऊन तो घरातून निघाला होता. नाला आपल्या बांधाला लागून वाहतो हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण विहीर आजोबांच्या वेळची, तिच्याबद्दल वाईट मनात आणवत नव्हतं. घरी थोरली लेक आवडा पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा महिना लागलेला. त्यानं बायकोला, सारजाबाईला, फोन लावला. कुणी उचलला नाही. टाकी रिकामी करता करता त्यानं आणखी दोनदा लावला.

दहाच्या ठोक्याला बाई आल्या. परदेशी कंपनीनं नेमलेल्या, पण पुण्याच्या. जारच्या पाण्यात नवे मासे मजेत फिरत होते. बाईंनी त्यांचे फोटो काढले आणि पिशवीतून रिकामी बाटली काढली.

"नाल्यात पाणी पडतं तिथला नमुना हवाय."

"मॅडम, खाली लई निसरडं हाय. आमचा माणूस आणील भरून," रामकिसननं दरवेळचं वाक्य टाकलं आणि बाटली कडूबाच्या हातात देताना डोळ्यानंच जार दाखवला.

कडूबा भिंतीआड गेला. एकीकडे अर्धा जार, दुसरीकडे त्याचा कॅन, तळाशी थोडं पाणी उरलेला. त्याला भीती वाटली. उघड भीती वाटली. आर्डर गेली तर आधी आपली मान, मग बाकीच्यांची. पण विहिरीत काय उतरलंय ते आपल्याला दुसरं कोण तपासून देणार? त्यानं कॅन बाटलीवर कलता केला.

बाईंनी बाटलीला सील लावलं, सही केली.

"निकाल कधी येतो, बाई?" कडूबानं विचारलं.

"पंधरा दिवसांनी. का हो?"

"काय नाय. इचारलं."

गाडी गेल्यावर रामकिसननं त्याच्या पाठीवर थाप मारली. कडूबा तसाच फाटकाबाहेर आला. या वेळी फोन उचलला गेला.

"सारजे, आवडाचं सामान बांध. आजच तिला लासूरला सासरी पोचवायचं."

"अवो, पहिलटकरीण हाय! अवघडलेली लेक माघारी धाडली तर लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू दे. अन् निघंस्तोवर तिला विहिरीचं पाणी देऊ नको. घोटभर बी नाय."

पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सारजाबाईनं अगदी हळू विचारलं,

"अन् आपण?"