आनंदीची आंगवण

मालवणच्या बाजारात म्हावरं विकणाऱ्या बायका चिक्कार, पण गिऱ्हाईक आधी आनंदीच्या टोपलीपुढेच वाकायचं. तिचे बांगडे काय सोन्याचे होते? छे! रापणीच्या जाळ्यातले तेच बांगडे सगळ्यांकडे. पण आनंदीकडे नवऱ्याच्या, लवूच्या गोष्टी होत्या. "काय गो आनंदी, आज लवून काय दिवे लावल्यान?" असं कुणी विचारायची खोटी, की ही सुरू. नवे पैसे निघाले तेव्हा लवूने ते खोटे समजून भिकाऱ्याला कसे वाटून टाकले, दर्यात जन्म काढणारा हा बाप्या न्हाणीतल्या तांब्याभर पाण्याला कसा भितो! आधी स्वतःच खदखदून हसायची, मग बाजार हसायचा, आणि हसता हसता टोपली रिकामी व्हायची.

कार्तिकात वादळ झालं. लवूच्या होडीची एक फळी तेवढी देवबागच्या किनाऱ्याला लागली. लवू नाही, त्याचं प्रेतही नाही.

आनंदी तशीच धामापूरला गेली आणि भगवतीसमोर आंगवण करून बसली. "माझो घोव घराक येयसर मी हासूचंय नाय."

लोक नवसाला गोड सोडतात, मासे सोडतात. या बयेने नवरा परतेपर्यंत हसू सोडलं, नेमकं पोट भरायचं साधन! पण तिला तरी काय म्हणावं? देवीला द्यायला तिच्याजवळ दुसरं होतंच काय?

बाजार दुष्ट नसतो, पण भित्रा असतो. तिचा दगडासारखा चेहरा बघून गिऱ्हाइकं मान खाली घालून पुढे जायची. उरलेले बांगडे रोज माडाच्या मुळात पुरायचे. घरात सासू कृष्णाबाई अंथरुणाला खिळलेली, आणि पेजेचे तांदूळ काल संपले. त्यात रापणीचा मालक गंगाराम सकाळीच बजावून गेला, "आज टोपली परत गेली तर उद्यापासून दुसरीक देतलंय. माझो नाइलाज आसा गो."

दुपार कलली तरी बांगडे तसेच. आनंदी पदराने माशा वारत बसली होती. हसावं तर नवरा मरतो, न हसावं तर सासू.

तेवढ्यात किराणा दुकानवाल्यांची हौसाबाई टोपलीसमोर येऊन उभी राहिली आणि भर बाजारात म्हणाली, "काय गो आनंदी, आज लवून काय दिवे लावल्यान?"

आजूबाजूच्या बायकांच्या हातातल्या सुऱ्या थांबल्या. आनंदीला वाटलं, उठावं आणि हिच्या थोबाडीत द्यावी. पण जन्माची सवय! तिचं तोंड तिच्याआधी बोललं.

"काय लावतलो? घरात तांब्याभर पाण्याक भियायचो. आता बावीस दिस झाले, न्हाताच हा! भायर येवचा नाव घेयना!"

आणि ती हसली. पोट धरधरून, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत हसली. बाजारही हसला, नाकडोळे पुसत हसला. घटकाभरात टोपलीत एक बांगडा उरला नाही.

तांदूळ घेऊन आनंदी घरी आली ती सासूच्या पायांवर कोसळली. "आये, मी हासलंय गो! आंगवण मोडलंय! तुझो झील, तुझो लवू मी मारलंय!"

म्हातारीने चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू नाय. काल हौसा माका बघूक इल्ली, तेव्हा मीच तिका सांगलंय, तसा विचार म्हणान. आंगवण मी मोडलंय. देवीक जाब मी देतलंय."

"कित्याक, आये?"

"झील गेलो माझो. तुका कशी जावक देऊ?" म्हातारीला धाप लागली. मग ती म्हणाली, "आता माका सांग. आज लवून काय दिवे लावल्यान?"

आनंदीने सांगितलं. म्हातारी बोळक्या तोंडाने हसली, आणि मग त्या दोघी लवूसाठी पहिल्यांदा रडल्या.