हॅगस्टोनच्या माळावरची शिट्टी

"शेवटी येईल त्यानं फाटक लावायचं," विल्फ म्हणाला. "नियम एवढा एकच. बाकी टिब पाय ठेवंल तिथंच पाय ठेवा, म्हंजे चिखलात रुतणार न्हाई."

"वाट कुत्रीच दाखवणार असेल तर तुला कशाला आणलं, म्हाताऱ्या?" क्रॉदर मास्तरांनी टोला दिला.

"तिला तुमचं भाषण सोसत न्हाई, मास्तर. ते ऐकायला कुणीतरी नको का?"

मास्तर हसले. मिस टडनहॅम मात्र हसल्या नाहीत. त्या शेवटी आत आल्या, फाटक ओढलं, आणि खटका नीट पडला की नाही हे हाताने हलवून पाहिलं. मग तोच उजवा हात पुन्हा कोटाच्या खिशात गेला. सकाळपासून तो खिशातच होता. चढावर हात मोकळे ठेवा असं विल्फने दोनदा सांगून पाहिलं होतं, पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

त्या नॉरफोकहून आल्या होत्या, जिथे टेकडी औषधालाही सापडत नाही. छत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले. लग्न केलं नाही, आईचं सगळं केलं. त्यांचा धाकटा भाऊ सिरिल दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या जानेवारीत या हॅगस्टोनच्या माळावर विमानासकट पडला होता. त्याला आज एक्केचाळीस वर्षं झाली. काल बसमधून उतरल्यापासून त्या एवढंच म्हणत होत्या, की मला ती जागा दाखवा.

जागा दाखवायला विल्फ ऑलरेनशॉच हवा, असं सगळेच सांगत. माळाच्या पायथ्याशी त्याची मेंढरं होती. क्रॉदर मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पायी भटकणाऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं, आणि दर जानेवारीत विल्फ त्या मंडळींना वर नेई. वाऱ्याने इकडेतिकडे गेलेले विमानाचे पत्रे गोळा करून तो परत ढिगावर ठेवी. कुणी आठवण म्हणून एखादा तुकडा पिशवीत टाकताना दिसला, तर चारचौघांत त्याची चांगलीच खरडपट्टी काढी. विल्फसारखा भला माणूस नाही, असं गाव म्हणे. तो ते ऐकून घेई आणि चहाच्या कपात बघत बसे.

चढ संपला तसं धुकं आलं. या माळावर ते असंच येतं, न सांगता. काळ्या ओल्या मातीच्या घळी, त्यांच्या काठाने हेदरची वाळकी झुडपं, आणि पुढे चालणाऱ्या टिबच्या पाठीवरचा पांढरा पट्टा, एवढंच दिसत राहिलं. वारा पडला होता. मास्तरांचा आवाज मोठा नव्हता, तरी तो चोहोबाजूंनी येतोय असं वाटे.

"विमानात सात जण. वेळ दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटं," ते सांगत होते. "अजून दोनशे फूट उंच असतं, तर अलगद पलीकडे गेलं असतं."

"हवाई दलाच्या पत्रात लिहिलं होतं की मृत्यू तत्काळ झाला," मिस टडनहॅम म्हणाल्या. "कुणाला काही कळलंसुद्धा नसेल म्हणे."

"अगदी. क्षणात आटोपलं असणार."

 विल्फने टिबला हळू चालायला सांगितलं.

ढीग समोर आला तेव्हा मिस टडनहॅम थांबल्या. पंखाची उघडी पडलेली बरगडी, चाकाचा लोखंडी पाय, पावसाने पांढरे पडलेले पत्रे, मध्ये कुणीकुणी खोचलेले छोटे लाकडी क्रूस. बाई पत्र्यांना हात लावतील, रडतील, असं मास्तरांना वाटलं असावं. ते अदबीने दोन पावलं मागे सरले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी सगळीकडे नीट पाहिलं, आणि मग विचारलं, "ती कुठे निघाली?"

टिब ढिगापाशी थांबलीच नव्हती. घळ उतरून, पलीकडचा काठ चढून ती सरळ धुक्यात चालली होती. नाक जमिनीला नव्हतं, घाई नव्हती. ओळखीच्या घरी निघाल्यासारखी चालली होती.

"ससाबिसा दिसला असेल," मास्तर म्हणाले.

विल्फला ठाऊक होतं ती कुठे जाते. तीनशे पावलांवर एक सपाट दगड आहे, त्याच्याशी जाऊन बसते. टिबची आई तिथेच बसे, तिच्या आधीची नेलही तिथेच बसे. कुणालाच त्याने ते शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. बारीक, तुटक. तीनदा. मग थोडं थांबून पुन्हा तीनदा.

"कुणीतरी मेंढपाळ आहे वाटतं पलीकडे," मास्तर म्हणाले.

"आठ वर्षं झाली, त्या अंगाला एक मेंढरू न्हाई." विल्फने मिस टडनहॅमच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं. "बाई, तुमी वाजवली का?"

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. मुठीत रुमाल होता आणि रुमालाची गाठ तशीच होती. ती सोडायला त्यांना वेळ लागला. आत पितळेची शिट्टी होती, अडकवायच्या आकड्यासकट.

"माझी ही इथे आहे," त्या म्हणाल्या.

मास्तर कोटाची बटणं लावू लागले. ती आधीच लावलेली होती.

"ही सिरिलची," मिस टडनहॅम शिट्टीकडे बघत म्हणाल्या. "विमान समुद्रात पडलं तर वाजवायला म्हणून कॉलरला अडकवलेली असायची. त्याच्या घड्याळाबरोबर घरी आली, सोबतच्या यादीत 'कॉलरवरून सुटलेली' असं लिहून. आई म्हणाली, मुरिएल, ज्याला काही कळलंच नाही त्यानं कॉलरची शिट्टी काढली कशाला? मरेपर्यंत तेच विचारत राहिली." मग त्यांनी मान वर केली. "काल दुकानातल्या बाई म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही माळावर होतात."

नाही म्हणणं सोपं होतं. एवढी वर्षं विल्फ मूग गिळून बसला होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या हॅनालाही त्याने सांगितलं नव्हतं. पण शिट्टी समोर होती, आणि धुक्यात पुन्हा तीनदा वाजलं.

"होतो," तो म्हणाला. "एकोणीस वर्सांचा होतो. बर्फ पडणार म्हणून मेंढरं खाली आणत होतो. धुकं असंच. धडाका ऐकला, पण खाणीत रोजच तीनच्या सुमाराला सुरुंग लागायचा. मग शिट्टी ऐकली. मला वाटलं, शेजारचा जेबेझ. त्याच्या तोंडात दात नव्हतं, कुत्र्याला पत्र्याच्या शिट्टीनं बोलवायचा."

"आणि तुम्ही?"

"धुक्यात दुसरा माणूस कुत्र्याला बोलवत असंल, तर आपुन शीळ घालायची न्हाई. कुत्रं गोंधळतं. कड्यावरनं मेंढरं खाली घालतं. बापानं चालायला शिकवलं तवाच हे शिकवलं. म्हणून गप बसलो."

"किती वेळ वाजत होती?"

"तासभर. जास्तच. मधी मधी थांबायची."

 विल्फला तिथेच थांबता आलं असतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर तर दिसतच होतं की पोराची काही चूक नव्हती, असं आता ते म्हणणार. पण विल्फने त्यांना बोलू दिलं नाही.

"एवढंच न्हाई. खाली आलो तर जेबेझ घरात चुलीशी बसलेला. म्हणाला, मी बाराच्या आतच उतरलो. तवाच कळलं की वर दुसरं कोणतरी हाय. तोवर अंधार पडला, बर्फ सुरू झालं. माणसं गोळा करून वर जायला पाहिजे होतं. मला भ्या वाटलं, बाई. माळाचं भ्या वाटलं, आन् एवढा वेळ गप का बसलास म्हणतील, त्याचंबी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पलटणीची माणसं वर गेली, त्यांच्या मागनं मी. सहा जण हितं होतं. तुमचा भाऊ पलीकडं, टिब गेली त्या अंगाला, दगडापाशी. पाय मोडलेला. शिट्टी दातात होती."

बोलून झालं. तो पंखाच्या बरगडीला धरून उभा राहिला.

"त्याला वाटलं असेल, ऐकणारं कुणीच नाही," मिस टडनहॅम म्हणाल्या.

"व्हय."

"मला तुम्हाला माफ करता येणार नाही."

"मी मागत न्हाई."

"मग उत्तर द्या त्याला. आत्ता द्या."

विल्फने दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा निघाली. मागल्या वर्षी सगळे दात काढून कवळी बसवल्यापासून त्याची शीळ गेली होती. टिबला तो तोंडाने हाका मारूनच बोलवी. त्याने पुन्हा प्रयत्न केला. लाळ गळली ती त्याने बाहीने पुसली, आणि त्याला रडू आलं.

मिस टडनहॅमनी रुमालाने शिट्टी पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

ती बर्फासारखी गार होती. त्याने फुंकली, एक लांब आणि दोन आखूड. काम झालं, घरी चल, असा त्या खोऱ्यातला अर्थ. मास्तरांनी टोपी काढली. धुक्यातून परत काही वाजलं नाही. तिघं वाट पाहत उभे राहिले.

थोड्या वेळाने टिब आली. शिट्टी ऐकली की कुत्री धावत येते, टिब तर वाऱ्यासारखी यायची. आज ती चालत आली. चार पावलं टाकून थांबायची, मान वर करून शेजारी बघायची, आणि मग पुन्हा चालायची. पायाने अधू माणसाबरोबर चालावं तशी. ढिगापाशी येऊनही ती विल्फच्या पायाशी गेली नाही.

"चला," विल्फ म्हणाला. "उजेड हाय तवर उतरू."

उतरताना मास्तर पुढे होते आणि त्यांनी एकही आकडा सांगितला नाही. त्यांच्या मागे मिस टडनहॅम, मग विल्फ. बऱ्याच मागून टिब येत होती. ती थांबली की विल्फही थांबे, मागे न बघता, आणि ती निघाली की निघे. चढायला दीड तास लागला होता, उतरायला तीन लागले.

फाटकातून मास्तर बाहेर पडले, मिस टडनहॅम पडल्या, विल्फ पडला. सवयीने त्याचा हात खटक्यावर गेला. जन्मात त्याने एक फाटक उघडं टाकलं नव्हतं. त्याने हात काढून घेतला.

"फाटक राहिलं," मिस टडनहॅम म्हणाल्या.

"शेवटी येईल तो लावंल."

ते तिघं रस्त्याने चालू लागले. टिब फाटकातून बाहेर आली तशी तिच्या पायांची टपटप मागून ऐकू आली. वीसेक पावलांवर खटका पडल्याचा आवाज झाला, आणि टिब धावत येऊन विल्फच्या पायात घुटमळू लागली. कुणीच मागे वळून पाहिलं नाही. मिस टडनहॅमचे दोन्ही हात आता खिशाबाहेर होते.