दप्तरखान्यातले साहेब

ग्वाल्हेरच्या हायकोर्टात लक्ष्मीकांत दप्तर सांभाळायचे. जुना निकाल हवा असला की बाकीचे जज्ज चपराशाला धाडत. दिनकरराव मात्र स्वतः जिना उतरून येत. ते विलायतेत बॅरिस्टर झालेले. एकदा धुळकट कागद चाळताना म्हणाले, "लक्ष्मीकांतराव, विलायतेत मुख्य न्यायाधीशांच्या खालोखाल मान कुणाचा, ठाऊक आहे? मास्टर ऑफ द रोल्सचा. रोल्स म्हणजे दप्तरातल्या गुंडाळ्या. मुळात तो दप्तर सांभाळणाराच, तुमच्यासारखा. पुढं न्यायनिवाडाही त्याच्याकडे आला. आज दिवाणी अपिलांचं सगळं कोर्ट त्याच्या हाताखाली."

"म्हणजे साहेब, मी चुकीच्या मुलखात जन्मलो!" लक्ष्मीकांत हसले. पण त्या संध्याकाळी नई सडकेवरून ते जरा ताठ मानेनंच घरी गेले.

छप्पन साली मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला. हायकोर्ट जबलपूरला गेलं, इथं नुसतं खंडपीठ उरलं. दप्तराच्या गाठोड्यांचे, बस्त्यांचे ट्रक भरून गेले, दिनकररावही गेले. त्यानंतर दोन वर्षं जिन्यावर पाऊल वाजलं की लक्ष्मीकांतांचं मन दाराशी धावे. येई तो चपरासीच.

मग शहरातल्या हजीरा भागातल्या सुधाताई आल्या. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं घराचा दावा जिंकला होता. आता दीर ते मानत नव्हता. निकाल जबलपूरला गेलेल्या बस्त्यांत होता आणि तारीख तोंडावर आलेली.

"मीच जाऊन नक्कल आणतो," लक्ष्मीकांत म्हणाले. सुधाताईंसाठी जातो, असं घरी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

नक्कल हाती पडल्यावर ते दिनकररावांच्या चेंबरमध्ये गेले. आत दोन वकील होते. "आइए, बैठिए," दिनकरराव म्हणाले. साहेब त्यांच्याशी पहिल्यांदाच हिंदीत बोलले. पाहुण्यांसाठी, हे कळत होतं; तरी समोर आलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

वकील गेले. दिनकरराव हळूच म्हणाले, "इथं कागद मागवला की टेबलावर येतो, लक्ष्मीकांतराव. गप्पा मारायला खाली उतरावं, असं कुणी नाही."

"एकदा ग्वाल्हेरला या ना, साहेब."

"आता कुठलं! निवृत्त झालो की मुलीकडे, पुण्याला."

लक्ष्मीकांतांनी वाकून नमस्कार केला आणि स्टेशन गाठलं.

सुधाताईंचं घर वाचलं. त्या पेढे घेऊन दप्तरखान्यात आल्या. लक्ष्मीकांतांनी एक खाल्ला, दोन कागदात बांधून बाजूला ठेवले. जिना उतरून कोण येईल म्हणून ठेवले, हे ध्यानात येताच ते ओशाळले, आणि पुडी तशीच सुधाताईंच्या हातात देऊन म्हणाले, "घरी न्या, लेकरांना होतील."