सात वॅट शिल्लक

आत्याच्या एटीव्हीच्या बॅटरीला एकूण बारा वायरी होत्या. चार कारखान्यातून आलेल्या, आठ बाबांनी जोडलेल्या. आठांच्या दुसऱ्या टोकाला चार गोष्टी: पुढच्या दांडीवर चार जादा दिवे, हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी, फोनचा चार्जर आणि मागे अशक्त कोकरांसाठी उबेची पेटी. फ्यूज एकही नव्हता.

आत्या जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या सात वस्त्यांवर जायला ही जाड चाकांची उघडी गाडीच लागते. मंगळवारी शेवटच्या वस्तीवर ती सुरूच झाली नाही. बॅटरी पार उतरली होती. आत्या दोन कोकरं कोटात घेऊन अडीच तास चालत खाली आली. आणखी एकदा असं झालं तर वरची फेरी सोडते, एवढंच म्हणाली. गुडघे आता ऐकत नाहीत. तिच्याशिवाय तिकडे दुसरं कोणी जात नाही.

बाबांचा चेहरा पडला. वायरी त्यांच्या हातच्या. पण आपण सगळं तपासलं होतं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कसं, ते मी करून दाखवायला सांगितलं. त्यांनी अंगणात गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिन बोंबलू लागलं आणि मीटरचा आकडा चौदा व्होल्टच्या वर गेला. तेराच्या वर आकडा म्हणजे बॅटरी भरते आहे.

तू अशी चालवतेस का, असं मी आत्यालाच विचारलं.

ती हसली. पेटीत कोकरू असलं की मेंढपाळसुद्धा चालत चालत तिला मागे टाकतात, म्हणाली. वर थांबून विचारतात, ढकलू का डॉक्टरीणबाई?

मग मी त्या संथ चालीवर इंजिन ठेवून मोजलं. इंजिन हळू फिरलं की ते जेमतेम एकशे सत्तर वॅट देतं. पंच्याण्णव गाडी स्वतःच खाते. उरतात पंच्याहत्तर. दिवे बहात्तर, पेटी चाळीस, मुठी बत्तीस, चार्जर दहा. मिळून एकशे चौपन्न. उरलेलं सगळं बॅटरी देत होती. शिवाय वायरी थेट बॅटरीवर असल्यामुळे किल्ली काढली तरी मुठी तापतच राहायच्या.

"मुठी काढ," आत्या म्हणाली. "कोकरांना ऊब हवी, मला काय."

"मुठी राहू दे ताई," बाबा म्हणाले. "थंडीत तुझी बोटं सुजतात. सुईसुद्धा धरता येत नाही तुला."

मी दिव्यांचं विचारलं. आत्या तर उजेडातच परतते, मग ते लावते कशाला? उत्तर बाबांनी दिलं. वळणावरून गाडी उतरताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते चार दिवे दिसतात. दिसले की ते चहाचं आधण ठेवतात.

"म्हणजे दिवे तुझ्यासाठी होते," आत्या म्हणाली. "आणि मी शहाणी, तू सांगितलंस म्हणून रोज आठवणीने लावायची."

बाबांनी पाना घेतला आणि दिवे स्वतःच उतरवले. मी मदतीला गेले तर हाताने थांबवलं. चौथ्याचा नट सोडवायला त्यांनी फार वेळ घेतला.

मुठी कमी तापमानावर ठेवल्या तर अठरा वॅट. पेटी आणि चार्जर धरून बेरीज अडुसष्ट.

"उरले किती?" बाबांनी विचारलं.

"सात."

"सातात काय बसतं?"

पाच वॅटचा एक छोटा दिवा बसतो, मी सांगितलं. तो लांबून दिसेल का, याची त्यांना शंका होती.

"दिसेल रे," आत्या म्हणाली. "मी एकटीच तर येते. माणशी एक दिवा पुरे."

संध्याकाळपर्यंत आम्ही आठही वायरी काढून नव्याने जोडल्या. प्रत्येक जोडणीला वेगळा फ्यूज, आणि सगळ्यांच्या आधी किल्लीबरोबर चालू-बंद होणारा रिले. वायरी बाबांनी सोलल्या, टोकांना कड्या मी दाबून बसवल्या. आत्या बॅटरी धरायची सोडून, शास्त्रज्ञबाई आणि त्यांचा नापास विद्यार्थी कसे दिसतात ते सांगत बसली.

शनिवारी ती वर गेली. सात वस्त्या, सात वेळा इंजिन बंद, सात वेळा सुरू. परतली तेव्हा पेटीत एक कोकरू झोपलेलं होतं. हळू फिरणारं इंजिन बंद न करता, मुठी, पेटी, चार्जर आणि दिवा चालू ठेवूनच, मी बॅटरीला मीटर लावला. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

१३.६ व्होल्ट.