मागच्या पडद्याचा फोन

ही २०११ सालची गोष्ट. आमची मोबाइल फोन बनवणारी छोटी कंपनी होती. माझे यजमान तिचे मालक, माझी धाकटी जाऊ सॉफ्टवेअरची प्रमुख, आणि मी फोनच्या खोक्यात घालायची माहितीपुस्तिका लिहायचे. ती कोणी वाचत नसे. मी मात्र मन लावून लिहायचे.

कंपनी म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. खिडकीशी जोडकामाची टेबलं, त्यांवर पोट उघडून पडलेले फोन, आणि टोकाला काचेच्या खोलीत धाकटी. आमच्या फोनचं सॉफ्टवेअर निम्मं आमचं, निम्मं जगाचं. देशोदेशीचे हौशी लोक ते फुकट लिहीत. कोणीही घ्यावं, वापरावं, आपली भर घालावी. धाकटीनं त्यांना शब्द दिला होता की आम्ही केलेली दुरुस्ती दडवणार नाही. त्यामुळे घरी निघताना ती दिवसभराचं काम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं करायची. बाहेर पडताना आपण गॅस बंद करतो ना, तितक्या सवयीनं.

त्या वर्षी नवा फोन होत होता. त्याच्या पाठीवरही पडदा होता, कागदासारखा, भर उन्हात वाचता येईल असा. एक मोठी कंपनी तो आपल्या सगळ्या दुकानांत ठेवणार होती. अट एवढीच, की विक्रीच्या दिवसापर्यंत मागच्या पडद्याचा सुगावा कोणाला लागता कामा नये. हा सौदा फिसकटला तर आमच्या दाराला कुलूप लागणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

आणि एका संध्याकाळी धाकटीनं सवयीनं सगळं काम खुलं केलं. त्यात मागच्या पडद्याचा भागही गेला.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त औषधविक्रेत्याचा निरोप आला. आमचं सॉफ्टवेअर तपासण्यात त्यांचं म्हातारपण मजेत चाललं होतं. त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या फोनला पाठीवर डोळे फुटले की काय?"

हे तरातरा काचेच्या खोलीत गेले. "आत्ताच्या आत्ता काढून टाक ते."

"भावोजी, चूक माझीच. पण लोकांनी ते उतरवून घेतलंय. आता काढलं तर दिलेला शब्द तेवढा जाईल, गुपित काही परत येणार नाही."

"शब्दावर पगार होत नाहीत."

"त्या लोकांच्या कामावर होतात."

हे माझ्याकडे वळले. "तुझी ही जाऊ भिंती छान बांधते. दार लावायचं तेवढं विसरते."

"तुमच्याच घरची आहे," मी म्हटलं.

धाकटीनं त्या सगळ्या हौशी मंडळींना सरळ लिहिलं, की घरातली गोष्ट चुकून अंगणात आली, यावर आमचं पोट आहे. त्यांच्यात वादावादी झाली. कोणी म्हणे, कंपन्या गोड बोलूनच गळा धरतात. शेवटी औषधवाल्या आजोबांनी लिहिलं, "पाहिलं ते पाहिलं. आम्ही तोंड मिटतो, तुम्ही दार मिटू नका." ते सगळ्यांना पटलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या कंपनीचे साहेब फोन बघायला यायचे होते. ह्यांनी बजावलं, "त्यांच्यापुढे अवाक्षर काढू नकोस."

साहेबांनी फोन उलटासुलटा केला, खूश झाले. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "साहेब, एक सांगायचंय. याच्या मागच्या पडद्याचं काम माझ्या हातून बाहेर गेलंय." ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुमच्या तिजोरीला दार आहे की नुसता पडदा?" साहेब म्हणाले.

"दार आहे. पण आतलं निम्मं सामान लोकांचं आहे. त्यांची ये-जा असणारच."

"कधी गेलं बाहेर?"

"झाला आठवडा."

"मग माझ्या कानावर कसं आलं नाही?"

"ज्यांनी पाहिलं ते गप्प आहेत म्हणून. तुम्हालाही मी सांगितलं म्हणून कळलं."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि पुढे काय करणार, ते विचारलं. मग धाकटीनं पुढची आखणी सांगितली. सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, केली त्याच संध्याकाळी खुली. बाजारात न आलेल्या फोनचं काम विक्रीच्या दिवशी खुलं. पडद्याची घडण आणि फोनचं रूप मात्र कायम आमचं.

"हे आधीच का नाही केलंत?"

"तेव्हा एवढी अक्कल नव्हती."

साहेब हसले. "जे आता बोललात ते करारात घाला. आणि त्या गप्प बसणाऱ्यांना नमस्कार सांगा. माझ्या हाताखालची माणसं इतकी गप्प बसत नाहीत."

विक्रीच्या दिवसापर्यंत बाहेर खरोखरच कोणी ब्र काढला नाही. फोन झोकात खपला.

पुढे मोठमोठे कारखाने स्वस्त फोन काढू लागले आणि काही वर्षांनी आमची कंपनी बंद पडली. हे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, शेवटपर्यंत धाकटीला "दार लावलंस का?" म्हणून चिडवायचे. साहेबांनी नोकरी सोडून रोपवाटिका काढली. औषधवाले आजोबा नव्वदी गाठून गेले. कंपनी उरली नाही, तरी त्या फोनच्या दुरुस्त्या ते अखेरपर्यंत करत होते. आता त्यांची मुलगी करते, म्हणून आमचे काही फोन अजून चालू आहेत.

धाकटी आता एका मोठ्या कंपनीत आहे. काय खुलं ठेवायचं आणि काय झाकायचं, हे तिथे तिला विचारून ठरतं. तिचे वरिष्ठ वाद घालतात, म्हणे. घालोत. माझ्या पाहण्यात तरी तिच्यासारखी बाई दुसरी नाही.