अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

“दाखल केलं तेव्हा ताप नव्हता,” अधीक्षक साहेब म्हणाले आणि चार्ट माझ्यापुढे सरकवला. “हे बघा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.”

“नसणारच. रांगेत बसल्या बसल्या तापाची गोळी मीच दिली होती तिला. तीनदा सांगितलं तुमच्या डॉक्टरांना. त्यांनी मान हलवली, लिहिलं मात्र काही नाही.”

वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होती. याच इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं नर्स होती ती. आपण इथं का आलोय हे तिनं मला सकाळपासून आठ वेळा विचारलं होतं. आठही वेळा मी नव्यानं सांगितलं होतं.

साहेबांपुढे दुसरा कागद होता, तिला नोकरीतून निवृत्त करण्याचा. आजाराच्या रकान्यात दोनच शब्द टाइप केले होते: जुना मनोविकार. खाली घरच्या माणसाची सही हवी होती. भाऊ म्हणाला, मला बघवणार नाही, तूच जा. म्हणून मी आले.

जुना म्हणे. आजारी पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत ही बाई अख्ख्या वॉर्डाची औषधं तोंडपाठ सांगत होती. मग दोन दिवस ताप आला, डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, काहीतरी जळतंय. गॅस बंद होता. दुपारी माझ्या भावाकडे बोट दाखवून मला विचारलं, “हा माणूस कोण आणलास घरात?” लग्नाला चोवीस वर्षं झालेली. आम्ही धावतपळत तिला इथंच आणलं, आपली माणसं नीट बघतील म्हणून. आपली माणसं कसली नि काय. दहा मिनिटांत निदान झालं: ताण, पाळी जायचं वय, घरात कटकटी असतील. बाई विचित्र बोलायला लागली की यांचं निदान तयारच असतं. मनोविकाराच्या वॉर्डात चार दिवस झोपेची इंजेक्शनं टोचली. अंग भाजतंय हो हिचं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. “नातेवाईकांनी बाहेर थांबा,” एवढंच उत्तर मिळायचं.

पाचव्या दिवशी तिला फिट आली. तेव्हा कुठे पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूला सूज होती. ओठावर फोड उठवतो ना, तोच विषाणू मेंदूत शिरला होता. मेंदूचे डॉक्टर तेवढे एक सरळ बोलले. म्हणाले, यावर औषध आहे, पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं तर बरंच काही वाचलं असतं. आता जुनं सगळं आहे तिच्याजवळ, पण नवं काही टिकत नाही. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही.

“मनोविकार लिहिलं म्हणून काय बिघडलं?” साहेब म्हणाले. “तोही आजारच आहे.”

“आजारच आहे, पाप नाही. पण जो तिला नव्हताच तो तिच्या माथी का मारताय? विषाणूनं केलं ते विषाणूच्या नावावर लिहा. तुम्ही केलं ते तुमच्या.”

“कागदावर ताप नाही, बाई. कागद सोडून मी कसं लिहू?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कागद यांचा, पेन यांचं, आणि खोटी मी. पण मी पडले कपडे शिवणारी, त्या चार्टमधल्या आकड्यांतलं मला काय कळणार?

“बघू,” वहिनी म्हणाली.

साहेब अडवेपर्यंत तिनं चार्ट उचललासुद्धा. कागदावर नाव नव्हतं, नुसता खाटेचा नंबर होता. ती ओळींवरून बोट फिरवत गेली.

“हे कुणी भरलंय, सर?”

साहेबांनी चार्ट परत घ्यायला हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.

“नाडी बघा. एकशे बारा, एकशे अठरा, एकशे वीस. ती यंत्र दाखवतं, म्हणून खरी लिहिलीय. आणि ताप? सोळाच्या सोळा वेळा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नाडी एवढी पळतेय आणि ताप तसूभर हलत नाही? पेशंट आहे का भिंत? पहिला आकडा बघून बाकीचे टेबलावर बसून भरलेत.” तिनं शेऱ्याच्या रकान्यावर बोट टेकवलं. “इथं लिहिलंय, असंबद्ध बोलते. अंगात ताप आणि असलं बोलणं म्हणजे आधी मेंदू तपासायचा, हे आमच्या वॉर्डातल्या आयासुद्धा सांगतील. हिला ताप होता, सर. लिहून ठेवा.”

साहेबांनी निवृत्तीचा कागद ओढला आणि त्या दोन शब्दांवर रेघ मारली.

“नुसतं खोडून भागायचं नाही,” मी म्हणाले. “काय झालं ते लिहा.”

ते लिहायला लागले. वहिनी अजून चार्टच बघत होती.

“वाचली का गं ही?” तिनं मला विचारलं.

“वाचली.”

“हिच्याबरोबर कोण होतं?”

“मी होते.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तू होतीस? एरवी तर जीभ कात्रीसारखी चालते तुझी. भांडायचं होतंस ना गं तिच्यासाठी.”